गोळीची रिअ‍ॅक्शन आली, कातडी सोलली, पण डोळ्यांकडे कोण बघणार? एसजेएस पेशंटच्या घरच्यांसाठी पहिल्या दिवसापासून पुढे

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला फिट्ससाठी नवीन गोळी सुरू झाली होती, फेनिटॉइन, आणि अठराव्या दिवशी सकाळी तो डोळे चोळतच उठला. अंगात ताप, घसा दुखतोय, डोळे लाल. गावात तेव्हा डोळ्यांची साथ होतीच, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की याचे पण डोळे आले. मेडिकलमधून ड्रॉप आणले, शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी दिलं. तिसऱ्या दिवशी ओठ सोलायला लागले, छातीवर लालसर काळपट डाग आले, तर कोणी म्हणे गोवर आहे, कोणी म्हणे उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. आणि या सगळ्या गोंधळात ती फिट्सची गोळी आम्ही रोज रात्री आठवणीने देत होतो. हे टाइप करताना आत्ता पण पोटात गोळा येतो.

आजाराचं नाव स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, डॉक्टर लोक एसजेएस म्हणतात. अंगाची १० टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर एसजेएस, ३० टक्क्यांच्या वर गेली तर टेन, म्हणजे टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, आणि मधलं ते दोन्हीचं मिश्रण. आजार एकच, कमी-जास्त. न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी १९२२ मध्ये दोन मुलांच्या केस लिहून पहिल्यांदा याचं वर्णन केलं, आणि त्यांच्या लेखाच्या नावातच ताप, पुरळ, तोंड यांच्या जोडीला डोळ्यांचा दाह होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी शीर्षकात डोळे होते आणि आमच्या भावाला डोळ्यांचे डॉक्टर बघायला आले ॲडमिट झाल्यावर सहाव्या दिवशी. कोणी मुद्दाम केलं नाही हो, सगळे जीव वाचवायच्या मागे होते, पण बोलवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या पण नाही. कातडी त्याची तीन आठवड्यांत भरून आली, डोळ्यांचं काम अजून चालू आहे.

म्हणून हे लिहितेय. जसं घडत जातं त्या क्रमाने आहे, तुम्ही ज्या टप्प्यावर असाल तिथून वाचा.

संशय कधी घ्यायचा

नवीन गोळी सुरू केल्यावर साधारण चौथ्या दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत हा धोका सगळ्यात जास्त, क्वचित दोन महिन्यांपर्यंत. दहा वर्षं चालू असलेल्या बीपीच्या गोळीवर शक्यतो संशय नसतो. ज्या औषधांची नावं पुन्हा पुन्हा येतात ती अशी: फिट्सची कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, सल्फासॅलाझिन वगैरे, एचआयव्हीची नेव्हिरापिन, आणि दुखण्यावरच्या गोळ्यांपैकी पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम. कार्बामॅझेपिन नुसती फिट्सला नाही, चेहऱ्याच्या नसेच्या कळांना पण देतात, आणि ॲलोप्युरिनॉल तर रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड जरा वर दिसलं, त्रास काहीच नाही, तरी सुरू झालेली मी पाहिलीय. कशासाठी देताय हे विचारायला लाजू नका.

इथे एक मोठी गफलत होते. पहिले दोन-तीन दिवस नुसता ताप, घसा आणि डोळ्यांची आग असते, पुरळ नंतर येतं. मग त्या तापासाठी घेतलेल्या पॅरासिटामॉलवर सगळा आळ येतो कारण ती शेवटची गोळी, आणि खरी गुन्हेगार अडीच आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते ती तशीच चालू राहते. त्यामुळे कालची गोळी आठवू नका, दोन महिन्यांचा हिशोब मांडा.

साधे डोळे आले असतील तर तोंडात फोड येत नाहीत आणि कातडी दुखत नाही. साध्या ॲलर्जीच्या गांध्या खाजतात. इथे कातडी दुखते, हात लावू देत नाही, आणि डोळे, तोंड, लघवीची जागा यातल्या दोन ठिकाणी तरी एकदम आग होते. नवीन गोळी आणि डोळे आणि तोंड हे तीन एकत्र दिसले की फोड यायची वाट बघत बसू नका.

पहिले चोवीस तास

संशयाची गोळी बंद, आणि लगेच हॉस्पिटल. फिट्सची गोळी असेल तर नुसती बंद करून घरी बसू नका, फिट येऊ शकते, त्याच दिवशी डॉक्टर दुसऱ्या प्रकारचं औषध सुरू करतात. घरातल्या सगळ्या स्ट्रिपचे फोटो काढा, मागची बारीक अक्षरं दिसतील असे, आणि कुठली कधी सुरू झाली ती तारीख कागदावर लिहा. आयुर्वेदिक पुड्या, जिमची पावडर, मेडिकलवाल्याने सुटी दिलेली गोळी, सगळं लिहा, लपवू नका.

हॉस्पिटल निवडायला वाव असेल तर असं बघा की आयसीयू किंवा जळीत वॉर्ड, स्किनचे डॉक्टर आणि डोळ्यांचे डॉक्टर एकाच छपराखाली मिळतील. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हे बहुतेक वेळा असतं, गर्दी आणि जिने बघून घाबरू नका. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

आणि आता या सगळ्या लेखातलं मुख्य काम. ॲडमिट झाल्या झाल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना म्हणायचं, “आज डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवाल का? डोळ्यांत अजून काही दिसत नसलं तरी एकदा बघू दे.” नम्रपणे, पण रोज. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये जे नियम काढले त्यात स्पष्ट आहे की आजार जोरात असेपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज बघायचं. पेशंटचे डोळे सुजून बंद असतात, तोंडाने तो बोलू शकत नाही, त्यामुळे तक्रार करणारे तुम्हीच. आणखी एक, कातडी किती गेली यावरून डोळ्यांचा अंदाज लावू नका. अंगावर हाताच्या पंजाएवढेच डाग आणि डोळ्यांची पार वाट, असं होतं.

काय घालायचं नाही ते पण सांगून टाकते, कारण वॉर्डात भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो: मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, आईचं दूध, काजळ, देवाचा अंगारा. यातलं काही नको. त्या डोळ्याला वरचं संरक्षणाचं अस्तरच उरलेलं नसतं, जंतू सरळ आत.

वॉर्डातला पहिला आठवडा

आत काय चाललेलं असतं ते समजलं तर पुढचे सगळे उद्योग का करायचे ते कळतं. जशी अंगावरची कातडी सुटते तशीच डोळ्यावरची आणि पापणीच्या आतली पातळ त्वचा सुटते. मग पापणीची आतली बाजू ही एक उघडी जखम आणि डोळ्याचा गोळा ही दुसरी उघडी जखम, आणि दोन्ही दिवसरात्र एकमेकींना चिकटून. दोन ओल्या जखमा एकमेकींवर ठेवल्या तर काय होणार, जोडल्या जाणार. वर दाहातून गळालेला पू आणि मेलेल्या पेशी यांचा पापुद्रा जमतो, अगदी दुधावरच्या सायीसारखा. त्याच काळात पापणीची कड, जिथून केस उगवतात ना त्याच्या आतली ओळ, ती पण सोललेली असते. ही कड लक्षात ठेवा, पुढे सगळं रामायण हिचंच आहे.

डॉक्टर आले की ते एक पिवळं डाय टाकतात, फ्लुरेसिन, आणि निळ्या उजेडात बघतात. जिथे अस्तर गेलंय तिथे हिरवं चमकतं. बघताना पापण्या उलट्या करून, वरची पण, आणि कड सुद्धा बघायला हवी. टॉर्च मारून “डोळे लाल आहेत, ड्रॉप चालू ठेवा” एवढं पुरत नाही. तुम्ही तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं तारखेसकट वहीत लिहा: कॉर्नियावर, म्हणजे काळ्या बुबुळावरच्या काचेवर, डाय धरलाय का? आतल्या त्वचेवर एक सेंटीमीटरपेक्षा मोठा भाग सोललाय का? पापणीच्या कडेचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग सोललाय का? यातलं एक जरी हो असेल तर तो गंभीर प्रकार धरतात आणि पुढच्या भागात सांगितलेल्या पडद्याचा विचार लगेच व्हायला हवा.

रोजची सफाई सिस्टर करतात, पण गर्दीच्या वॉर्डात ती नातेवाइकाच्या गळ्यात पडते, आमच्या पडलीच. मला शिकवलेली पद्धत अशी. हात साबणाने धुवायचे, नखं कापलेली. नॉर्मल सलाईनची बाटली रूमच्या तापमानाला आणायची, फ्रीजमधली गार नको. सुई काढलेल्या सिरिंजने नाकाच्या बाजूकडून कानाकडे हळू धार सोडायची म्हणजे पू वाहून जातो. पापणीच्या कडेवरचं वाळलेलं चिपड सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजने दोन मिनिटं ओलं ठेवून मगच पुसायचं, ओढून काढायचं नाही. कापूस वापरू नका, त्याचे तंतू आत राहतात. दोन्ही डोळ्यांना वेगळा गॉज. आत पांढरी साय दिसली तर चिमट्याने ओढू नका, रक्त येतं, ते काम डॉक्टरांचं, ते सुन्न करणारा ड्रॉप टाकून काढतात आणि पापणी-डोळा चिकटत असेल तर मध्ये काचेची गुळगुळीत कांडी फिरवतात. या कांडीबद्दल डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत, काही म्हणतात की त्याने उलट जखम वाढते, त्यामुळे तुमचे डॉक्टर नाही करत म्हणाले तर भांडू नका.

ड्रॉप्स. ओलावा देणारे, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायल्युरोनेटवाले, दर एक-दोन तासांनी, जागेपणी आणि झोपेत पण. हे प्रिझर्वेटिव्ह नसलेले हवेत. साध्या बाटलीतल्या ड्रॉपमध्ये तो खराब होऊ नये म्हणून जे रसायन असतं ते दिवसातून दोन-तीनदा चालून जातं, पण पंधरा वेळा टाकलं तर सोललेल्या डोळ्याला तेच विष. एकदा वापरून फेकायच्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या येतात त्या मागा. महाग पडतात, माहीत आहे, पण पैसे वाचवायची ही जागा नाही. जोडीला अँटिबायोटिक ड्रॉप, आणि बहुतेक वेळा स्टेरॉइडचा ड्रॉप असतो, दाह लवकर आटोक्यात आणायला. तो डॉक्टर सांगतील तेवढाच, कारण आत जंतूंचा संसर्ग असेल तर स्टेरॉइडने तो फोफावतो. रात्री मलम. दोन वेगळ्या ड्रॉपमध्ये पाच मिनिटं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मी मोबाईलवर अलार्म लावले होते, बाजूच्या बेडवाले वैतागले, पण नंतर तेच मला उठवायचे.

पेशंट व्हेंटिलेटरवर किंवा गुंगीत असेल तर डोळे अर्धवट उघडे राहून सुकतात. मलम भरपूर, आणि वर ओलावा टिकेल असं पारदर्शक आवरण ठेवतात. राऊंडला नुसतं विचारा, “सिस्टर, डोळे पूर्ण मिटतायत का?” एवढ्याने पण फरक पडतो.

अंगासाठी सायक्लोस्पोरिन, स्टेरॉइड, आयव्हीआयजी असं कुठलंही औषध चालू असेल, त्याने डोळे आपोआप सांभाळले जातील असं धरून चालू नका. डोळ्यांचं काम डोळ्यांवरच करावं लागतं.

पडदा बसवणं, आणि त्याची घाई

बाळाभोवती जी पाण्याची पिशवी असते तिचं आतलं पातळ अस्तर, अम्निऑटिक मेंब्रेन. बाळंतपणानंतर वारेबरोबर ते बाहेर येतं, आईच्या एचआयव्ही, कावीळ वगैरेच्या तपासण्या करून ते साफ करून साठवतात. हे अस्तर डोळ्यावर, पापणीच्या आत आणि कडेवरून बाहेरपर्यंत असं पूर्ण पसरून लावलं की दोन जखमांच्या मध्ये एक भिंत उभी राहते, दाह कमी होतो, खालून नवीन अस्तर वाढायला आधार मिळतो. टाके घालून लावतात, किंवा पेशंटला ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्यासारखी परिस्थिती नसेल तर बेडवरच वैद्यकीय गोंदाने चिकटवतात, आणि पापणी-डोळ्यामधल्या खोबणीत घट्ट बसावं म्हणून सलाईनच्या नळीची रिंग करून घालतात. ही जुगाडासारखी वाटणारी रिंग बऱ्याच चांगल्या ठिकाणी वापरतात, दचकू नका.

महत्त्वाचं हे की ते लवकर व्हायला हवं. पहिल्या पाच-सात दिवसांत सगळ्यात जास्त फायदा, दहा दिवसांनंतर फायदा बराच घटतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात पडदा लावलेले डोळे आणि फक्त औषधांवर ठेवलेले डोळे यांची तुलना केली, सहा महिन्यांनी पडदावाल्या डोळ्यांची नजर चांगली राहिली होती. आठवडा-दहा दिवसांत पडदा विरघळतो, डोळा अजून सोललेलाच असेल तर पुन्हा लावतात, आणि तो असेपर्यंत पेशंटला सगळं धुकट दिसतं. हे त्याला आधी सांगून ठेवा, आमच्या भावाला वाटलं होतं की ऑपरेशनने डोळे गेले.

डॉक्टरांना विचारताना “आधी सिरियस आहे, नंतर बघू” असं उत्तर आलं तर बेडवर करता येईल का हे विचारा. कधीकधी खरंच शक्य नसतं, ब्लड प्रेशरच टिकत नसतं. पण कधीकधी नुसतं विचारायचं राहिलेलं असतं.

डिस्चार्ज मिळाला म्हणजे संपलं नाही

डिस्चार्जच्या वेळी कातडी छान गुलाबी आलेली असते, नखं गळालेली परत येत असतात, सगळे खूश. डोळे पण पांढरे दिसतात. इथेच लोक फसतात आणि पुढची तारीख चुकवतात. आठवड्याभरात एकदा, महिन्याने एकदा, मग पहिलं वर्ष दर दोन ते चार महिन्यांनी, असं दाखवायलाच हवं, आणि ते सुद्धा कॉर्निया किंवा ऑक्युलर सरफेसचं काम करणाऱ्या डॉक्टरांना. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून काही कळणार नाही.

आता ती पापणीची कड. निरोगी कड गुळगुळीत आणि ओली असते. एसजेएसनंतर काही महिन्यांत ती कातडीसारखी खरखरीत, कोरडी होते, याला केराटिनायझेशन म्हणतात. आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा डोळे मिचकावतो. म्हणजे दिवसभरात हजारो वेळा काचेवर पॉलिश पेपर फिरतोय असं समजा. त्याने कॉर्नियावर ओरखडे, मग जखम, मग ती भरायला रक्तवाहिन्या वाढतात, मग काच पांढरी. पहिल्या आठवड्यात वाचलेली नजर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जाते ती बऱ्याचदा अशी. आणि हे इतकं हळू होतं की पेशंट म्हणत राहतो, “जरा कचकच होते, बाकी ठीक आहे.”

यावर इलाज आहे. खालच्या ओठाच्या आतल्या मऊ त्वचेची पट्टी काढून पापणीच्या कडेवर बसवतात, म्युकस मेंब्रेन ग्राफ्ट. ओठ काही आठवड्यांत भरतो, थोडे दिवस तिखट खाता येत नाही एवढंच. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटने आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने यावर पुष्कळ काम केलंय. कॉर्निया स्वच्छ असतानाच केलं तर ती तशी टिकते, पांढरी पडल्यावर केलं तर पुढचं नुकसान थांबतं पण गेलेलं परत येत नाही. मुलांमध्ये तर अजिबात थांबू नका. सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर धूसर दिसणाऱ्या डोळ्याची मेंदूला सवयच लागत नाही, डोळा आळशी होतो, ते वेगळंच दुखणं मागे लागतं.

आत वळलेले पापणीचे केस ही दुसरी कटकट. घरी आरशात बघून प्लकरने काढू नका, अर्धवट तुटलेला केस ताठ होऊन जास्त टोचतो. ओपीडीत काढतात, पुन्हा पुन्हा येत असतील तर मूळ जाळतात किंवा गोठवतात.

अश्रू निचरा होणारी छोटी भोकं बंद करणं हा कोरडेपणावरचा उपाय, म्हणजे जे थोडं पाणी बनतं ते तरी डोळ्यात टिकतं. एसजेएसमध्ये ती बऱ्याचदा व्रणांमुळे आपोआपच बंद झालेली असतात, ते आधी तपासून घ्या. कोरडेपणा जास्त असेल तर पेशंटच्याच रक्तापासून बनवलेले सीरम ड्रॉप देतात. त्यात प्रिझर्वेटिव्ह काहीच नसतं, म्हणून वापरात असलेली कुपी फ्रीजमध्ये, बाकीच्या फ्रीझरमध्ये, आणि प्रवासात बर्फाचा डबा. गढूळ दिसली की सरळ फेका.

मोठी लेन्स

भावाच्या आयुष्यात सगळ्यात जास्त फरक या लेन्सने पडला, म्हणून जरा जास्त लिहिते. स्क्लेरल लेन्स, तिचाच एक खास बनवून घ्यायचा प्रकार म्हणजे प्रोझ, वर सांगितलेल्या दोन्ही ठिकाणी मिळतो. साधी कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळावर टेकते, ही मोठी आणि कडक असते, पांढऱ्या भागावर टेकते आणि मध्ये पाण्याची पोकळी राहते. म्हणजे कॉर्निया दिवसभर सलाईनच्या हौदात, आणि खरखरीत पापणी घासते ती लेन्सला, डोळ्याला नाही.

घालायची पद्धत: लेन्स रबरी सक्शन कपवर ठेवायची, प्रिझर्वेटिव्ह नसलेल्या सलाईनने काठोकाठ भरायची, मान खाली घालून टेबलाला चेहरा समांतर करायचा आणि खालून वर लेन्स डोळ्याला लावायची. बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. पहिल्या दिवशी भावाला तास लागला आणि सगळा शर्ट भिजला, आता दोन मिनिटांत घालतो. दुपारपर्यंत आतलं पाणी गढूळ होतं, काढून परत भरायचं. रात्री काढायचीच. आणि नळाचं पाणी लेन्सला कधीही लावायचं नाही, बोअरचं नाही, फिल्टरचं पण नाही, त्यातल्या अमिबामुळे कॉर्नियाला होणारा संसर्ग आवरायला महिने जातात. लेन्स महाग आहे, हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात सवलतीचं जरूर विचारा.

डोळा बदलून टाकूया का?

नातेवाइकांमध्ये एक जण तरी म्हणतोच, “नेत्रदानातला डोळा बसवा ना.” कॉर्निया बदलायचं ऑपरेशन कोरड्या एसजेएस डोळ्यात एकटंच केलं तर बहुतेक वेळा फसतं. ज्या मातीने पहिलं झाड सुकवलं त्याच मातीत दुसरं लावल्यासारखं आहे ते. आधी कड दुरुस्त, केस दुरुस्त, ओलावा, दाह शांत, मग पुढचं. कॉर्निया फुटली तर डोळा वाचवायला तातडीने करावं लागतं ते वेगळं. मोतीबिंदू झाला, आणि स्टेरॉइड ड्रॉपमुळे तो लवकर होऊ शकतो, तर तो काढता येतो, पण तेही पृष्ठभाग शांत असताना. दोन्ही डोळे पार कोरडे आणि आंधळे झाले असतील तर दातात बसवलेली कृत्रिम काच डोळ्यात बसवतात, एमओओकेपी नावाचं ऑपरेशन, पेशंटचाच दात वापरून. ऐकायला भयंकर, पण वर्षानुवर्षं अंधारात असलेल्यांना त्याने दिसायला लागलंय. चेन्नईला होतं.

घरातलं रोजचं

पंख्याचा झोत आणि एसी तोंडावर नको. बाइकवर बाजूने बंद असलेला गॉगल. चुलीचा, फोडणीचा, उदबत्तीचा धूर टाळायचा, दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आणि रंगपंचमीला सरळ घरात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खोलीत ओलं कापड टांगून ठेवलं तर बरं वाटतं, कूलर असेल तर त्याचा वारा अंगाकडे, डोळ्यांकडे नाही. मोबाईल बघताना आपण पापण्या कमी मिचकावतो, म्हणून मध्येमध्ये मुद्दाम मिटायचे.

स्टेरॉइड ड्रॉपची जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून बाटल्या आणत राहू नका. बरं वाटतं म्हणून लोक वर्षभर टाकतात आणि काचबिंदूने नजर जाते, आणि ती परत येत नाही. चालू असेल तर डोळ्याचं प्रेशर तपासत राहायचं.

अचानक दुखायला लागलं, उजेड अजिबात सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, पू आला, नजर एकदम कमी झाली किंवा डोळ्यातून कोमट पाणी आल्यासारखं वाटलं, तर उद्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जायचं, रविवार असला तरी, आणि डोळा चोळायचा किंवा दाबायचा नाही.

नजर फार कमी राहिली असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. ४० टक्के किंवा जास्त भरलं तर शिक्षण, नोकरीत सवलती आहेत. आमच्याकडे “लोक काय म्हणतील” म्हणून दोन वर्षं घालवली, त्याची स्कॉलरशिप गेली.

ती गोळी पुन्हा कधीही नाही

थोडीशी घेऊन बघू, असला प्रयोग घरी नाही, दवाखान्यात नाही, कुठेच नाही. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन ही एकमेकांची भावंडं, एकीने झालं तर तिन्ही बंद. सल्फाने झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण सल्फाचे डोळ्यांचे ड्रॉप असतात आणि प्रेशर कमी करायची ॲसेटाझोलामाइड गोळी पण त्याच खानदानातली. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तेच औषध द्यायची वेळ आली तर हे आधी सांगायचं. कार्बामॅझेपिनसाठी एचएलए-बी १५:०२ नावाची रक्ताची जनुक तपासणी आहे, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण खात्याने, २००७ मध्येच आशियाई वंशाच्या पेशंटमध्ये गोळी सुरू करायच्या आधी ती करायला सांगितलं. ॲलोप्युरिनॉलसाठी एचएलए-बी ५८:०१. तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असं मात्र नाही.

रिअ‍ॅक्शनची नोंद सरकारकडे करता येते, पेशंटला स्वतःला सुद्धा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचा हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. मेडिकल कॉलेजमध्ये फार्माकॉलॉजी विभागात विचारलंत तरी फॉर्म भरून घेतात.

आणि एक कार्ड करून पाकिटात ठेवा, लॅमिनेट करून, मोबाईलच्या कव्हरमध्ये दुसरं. भावाच्या कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत असं लिहिलंय: मला अमुक तारखेला फेनिटॉइनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झाला होता. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन देऊ नका. लॅमोट्रिजिन देण्याआधी माझ्या डॉक्टरांना विचारा. मला फिट्स येतात, सध्या चालू असलेलं औषध मागे लिहिलंय. डोळ्यात स्क्लेरल लेन्स आहे, मी बेशुद्ध असलो तर ती काढा. आणि खाली माझा नंबर.